चारी इंडिकेटर चालू

बाजारात मला पाठीमागे 'भित्रा मिस्त्री' म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण जळालेली वायरिंग घेऊन शेवटी माझ्याच दारात यायचं असे. नाव खोटं नव्हतं. गाडीच्या विजेचं काम मी जन्मभर केलं आणि जन्मभर भीत भीत केलं. शिकलो नांदेडला. तिथले आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "इंजिन बिघडलं की गाडी बंद पडते, वायर बिघडली की गाडी पेटते. जो डरता नहीं, उसने पाना नको हातात घेऊ." मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पुढे लातुरात औसा नाक्याजवळ स्वतःचं दुकान टाकलं, केस पांढरे झाले, दुकान पुतण्याला दिलं, पण ती भीती काही कमी झाली नाही. अजूनही कुठे प्लास्टिक जळाल्याचा वास आला की मी जेवणावरून उठतो. बायको म्हणते, शेजारणीनं कुकरचं रबर जाळलंय, बसा.

पूर्वी गाडीचा बल्ब गेला की मागून येणारा हॉर्न वाजवून सांगायचा. आता गाडी स्वतः सांगते. समोरच्या काट्यांच्या तबकडीत, ज्याला आम्ही डॅशबोर्ड म्हणतो, तिथे एक पिवळा दिवा लागतो आणि 'अमुक बाजूचा बल्ब गेला' अशी अक्षरं येतात. ही सोय आधी महागड्या परदेशी गाड्यांत आली. मग त्या गाड्या पुण्या-मुंबईत जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि आमच्याकडे आल्या. इथल्या मंडळींनी पहिलं काम काय केलं, तर त्यांचे पिवळे बल्ब काढून पांढरेफेक एलईडी बसवले. लाइट झकास पडला, पण डॅशबोर्डवरचा तो दिवा हटेना. नवाकोरा बल्ब लखलख जळतोय आणि गाडी म्हणतेय, बल्ब गेला.

मग हे लोक माझ्याकडे यायचे. एक डॉक्टर तर त्या दिव्यावर औषधाच्या पट्टीचा तुकडा चिकटवून आले होते. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, पेशंटला ताप असला तर तुम्ही थर्मामीटरवर पट्टी लावता का? ते मोठ्यानं हसले, पण पट्टी त्यांनी काढली नाही. उदगीरकडचा एक जीपवाला डॅशबोर्डवर बुक्की मारायचा. बुक्की मारली की दिवा जातो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरंच कधीकधी जायचा.

यात चमत्कार काही नाही. गाडीतला छोटा कॉम्प्युटर बल्बाकडे थेट बघत नाही. बल्बात किती वीज जाते एवढंच तो मोजतो. जुना बल्ब खादाड, एलईडी अगदी अल्पाहारी. वीज कमी गेली की कॉम्प्युटरला वाटतं, बल्ब मेला. त्यावरचा आमच्याकडचा इलाज म्हणजे रेझिस्टर. बोटाएवढी सोनेरी धातूची कांडी, अंगावर खाचा, दोन्ही टोकांना वायर. तो बल्बाच्या जोडीला बसवायचा. एलईडीनं न खाल्लेली वीज हा खातो, गाडीची समजूत पटते आणि दिवा विझतो. सरळ बोलायचं तर आम्ही गाडीला फसवतो.

पण खाल्लेली वीज जाते कुठे? तिची आच होते. सोनेरी कांडी चालू असताना चुकून हात लागला तर कातडी सोलून निघते. म्हणून ती कधी लोंबती ठेवायची नसते. गाडीच्या लोखंडी पत्र्याला स्क्रूनं घट्ट आवळायची असते, म्हणजे आच पत्र्यात पसरते. आजूबाजूला प्लास्टिक नको, कापड नको, वायरींचा गुंता नको. मी प्रत्येक कांडी बसवून झाली की गाडी चालू ठेवून पत्र्याला हात लावून बसायचो. गिऱ्हाईक कंटाळायचं. "मिस्त्री, गाडीला ताप आला का?" असंही विचारायचं.

आता जे सांगायचंय ते कुलकर्णी सरांच्या गाडीचं.

सर आमच्या गल्लीतले, कॉलेजात शिकवतात. बोलणं मऊ, फाटक लावतानाही आवाज करणार नाहीत असे. मुलाचं लग्न ठरलं म्हणून त्यांनी पुण्याहून जुनी परदेशी गाडी आणली. पेट्रोल परवडत नाही म्हणून आधीच्या मालकानं डिक्कीत गॅसची टाकी बसवली होती. मुलाला, ओंकारला, लाइट पांढरे हवे होते. बसवले. दिवा लागला. माझ्याकडे आले. मी मागच्या दोन्ही इंडिकेटरना डिक्कीच्या कोपऱ्यांत एकेक रेझिस्टर बसवला, टाकीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा नेऊन, पत्र्याला आवळून. हात लावून बसलो. समाधान झालं तेव्हाच गाडी दिली.

लग्नाच्या आठवड्यात एका ऑटोनं मागे घेताना सरांच्या गाडीचा डावा कोपरा चेपला. गाडी रौफभाईंकडे गेली. रौफभाई आमच्याकडचे डेंटिंग-पेंटिंगचे बादशहा. त्यांनी रंगवलेला पत्रा आणि कंपनीचा पत्रा यातला फरक कंपनीलाही कळू नये. आमची जुनी दोस्ती. रोज सकाळचा चहा एकाच टपरीवर.

लग्नाच्या दिवशी सकाळी चहा घेताना रौफभाई खुशीत होते. म्हणाले, "कुलकर्नी सरची गाडी काय बनवून दिली मिस्त्री, आयना! त्यात तुमचा तो सोन्याचा बिस्किट पन होता. ठोकायला अडचन होत होती, म्हनून काढला."

मी म्हटलं, "परत लावला ना?"

"लावला तर. पन ताज्या रंगाला भोक कसं पाडायचं? दिल नाही झाला माझा. वायरीलाच बांधून दिला. खडखड करून राहिला होता, तर सीटचा स्पंज गुंडाळला आनि वरून टेप मारली. आता आवाज बंद."

तो माणूस प्रेमानंच सांगत होता. रंगाला जपणारा रंगारी, आणि नवरदेवाच्या गाडीत खडखड नको म्हणून केलेली माया. आच लागल्यावर डांबरासारखा वितळून पेट घेणारा स्पंज त्यानं माझ्या रेझिस्टरला पांघरला होता, तोही गॅसच्या टाकीशेजारी.

पहिल्यांदा मी स्वतःलाच समजावलं. इंडिकेटर लागतो कधी? वळताना. चार टिकटिक झाल्या की बंद. रेझिस्टर तापायच्या आतच निवतो. सर लग्नाहून परत आले की गुपचूप काढून घेऊ, कशाला शुभकार्यात विघ्न. चहाचा पुढचा घोट घेतला आणि एकदम आठवलं. आज परण्या होता.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला मिरवत जातो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोड्यावर, आता मोटारीत. पुढे डीजे, मागे बायका, मधे पोरं नाचतायत, आणि मोटार मुंगीच्या पावलानं सरकते. आणि ही मोटार आमच्याकडे एकाच थाटात चालते. चारी इंडिकेटर चालू. ते धोक्यासाठी असतात हे कुणाच्या गावी नाही. परण्याची गाडी म्हणजे चारी बाजूंनी लुकलुकलीच पाहिजे, नाहीतर ती परण्याची कसली? तास-दीड तास ती कांडी न थांबता वीज खाणार होती. गाडी चालत नाही म्हणजे वाराही नाही. वर मे महिन्याचं ऊन.

मी सरांना फोन लावला. रिंग जात राहिली. ओंकारला लावला, तेच. डीजे सुरू झाल्यावर खिशातला फोन कुणाला ऐकू येणार? लग्न किल्लारीला होतं. मुलीचे वडील तिथल्या साखर कारखान्यात होते.

"रौफभाई, गाडी काढा."

"कुठं?"

वाटेत सांगतो म्हटलं. त्यांची मोटरसायकल, मी मागे. औशापर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीचा वेग वाढत गेला, आणि त्यांच्या पाठीला घाम सुटलेला मला शर्टातून कळला. मध्येच वाऱ्यात त्यांनी मान वळवून विचारलं, "बच्चे बसतात का हो मिस्त्री, परन्याच्या गाडीत?"

बसतात. करवली बसते, तिच्याबरोबर आणखी एखादं पोर शिरतं. मी "हाव" म्हणालो.

लामजन्याच्या पुढे रस्त्यापलीकडे काळा धूर वर चढताना दिसला. रौफभाईंनी ब्रेक दाबला तसे आम्ही दोघं पडता पडता वाचलो. या धुरात कोण कोण असेल, त्यांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागली होती. मग बांधावर एक माणूस पाण्याची बादली घेऊन निवांत उभा दिसला. धसकटं जाळत होता. रौफभाईंनी मोटरसायकल परत सुरू केली, पण किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

किल्लारीत डीजे गावाबाहेरूनच ऐकू आला. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रस्ते सरळ आणि रुंद, त्यामुळे मिरवणूक लांबूनच दिसली. आणि मागून दिसली ती सरांची गाडी. अख्खी पाठ झेंडूच्या जाळीनं झाकलेली, त्यावर वधूवरांच्या नावाचा थर्मोकोलचा फलक चिकटपट्टीनं मारलेला. फुलांतून दोन पांढरे ठिपके लुकलुकत होते. उघड, मीट. उघड, मीट. माझीच करामत. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नसणार. गाडीला सगळं ठीक वाटावं याची सोय मीच केली होती.

मी पळत जाऊन डाव्या कोपऱ्याच्या पत्र्याला हात लावला. पत्रा भाजत होता. पण त्या उन्हात कुठल्या गाडीचा पत्रा भाजत नव्हता? जन्मभर ज्या हाताच्या भरवशावर धंदा केला, त्या हाताला त्या दिवशी काही म्हणजे काही सांगता येईना. नाक लावलं तर फटाक्यांची दारू, अत्तर, जनरेटरचा धूर. त्या सगळ्याखाली रबर जळाल्यासारखा एक बारीक वास होता, किंवा भीतीनं मला तो येत होता.

मी ओरडलो. डीजेपुढे माझं मलाच ऐकू आलं नाही. चार तरण्या पोरांना वाटलं, मुलाकडचा कुणी काका रंगात आलाय. त्यांनी माझे हात धरले आणि मला नाचायला मधे ओढलं. एकानं फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मी सुटायला धडपडतोय आणि पोरं शिट्ट्या मारतायत. आज हे सांगताना हसू येतं, तेव्हा रडू फुटलं होतं. काचेतून मला आतले दिसत होते. बाशिंग बांधलेला ओंकार, त्याच्या एका बाजूला त्याची सहा-सात वर्षांची भाची नटूनथटून, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ मुंडावळ्या ओढत. दोघांची डोकी मागच्या काचेला टेकलेली, म्हणजे डिक्कीला टेकलेलीच.

शेवटी रौफभाईंनी केलं ते मला सुचलं नव्हतं. ते जनरेटरच्या गाडीकडे गेले आणि सरळ वायर उपटली. एकदम सामसूम झाली. शंभर तोंडं आमच्याकडे वळली.

मी ड्रायव्हरची काच बडवली. गाडी ओंकारचे मामा चालवत होते. "मामा, आधी इंडिकेटर बंद करा. गाडी बंद करा. सगळे बाहेर या. मागं आग लागंल."

मामांनी गाडी बंद केली, इंडिकेटरही बंद केले, पण ओंकारला काही हलू देईनात. "मिस्त्री, तुमाला काय याड लागलं का? नवरदेव एकदा बसला की मारुतीच्या पारावरच पाय टेकवत असतो. मधीच खाली उतरवायचा म्हंजे अपशकुन हाय. मागं काय असंल ते तुमी बघून घ्या, तो बसंल आत."

"आत बसून न्हाई बघता येत मामा!"

"फुलं तोडायची न्हाईत!" मागून एक बाई ओरडल्या. कुणीतरी म्हणालं, दारू पिऊन आलाय. कुलकर्णी सर गर्दीतून पुढे आले. ते एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा मेव्हण्याकडे. आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोललेला माणूस नव्हे तो. "अहो, जरा... म्हणजे मिस्त्री उगाच नाही म्हणणार..." एवढंच म्हणत राहिले. आणि तेवढ्यात फुलांच्या जाळीतून, डाव्या बाजूनं, उदबत्तीएवढा धूर वर आला. मला दिसला. बाकी कुणाला दिसला नाही, कारण बाकी सगळे मला बघत होते.

मुलीकडच्या मंडळींत एक म्हातारे गृहस्थ होते. मुलीचे चुलत आजोबा, हे मला मागाहून कळलं. ते काठी टेकत आले, मामांना काठीनंच बाजूला सारलं आणि गाडीचं दार उघडलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"पोरा, बाहेर ये. लेकरं घे. आमच्या गावात एक रीत हाय. कुनी म्हनलं बाहेर पळा, की आधी बाहेर यायचं. का म्हनून मागनं इचारायचं. इचारत बसले ते माझ्या घरात चौघं होते."

भूकंप पाहिलेल्या किल्लारीकरांनी लगेच वाट मोकळी केली. ओंकार उतरला. दोन्ही लेकरं उतरली. आजोबांनी त्यांना हाताला धरून पार लिंबाच्या झाडापर्यंत नेलं, आणि त्यांच्या मागोमाग सगळी गर्दी आपोआप मागे सरकली.

मग आम्ही जाळी फाडली. फलक मोडला. डिक्की उघडली आणि आत वारा शिरताच कोपऱ्यात भप्पकन जाळ झाला. लहानसा, देवघरातल्या निरांजनापेक्षा थोडा मोठा. पण तो टाकीपासून हातभरावर होता आणि टाकीच्या अंगावरून जाणाऱ्या वायरींचं वरचं कातडं गळायला लागलं होतं. मी बॅटरीची वायर काढायला पुढे पळालो. रौफभाईंनी काही शोधलं नाही, काही विचारलं नाही. उघड्या हातानं तो जळता गोळा धरला, ओढला, वायरीसकट तोडला आणि रस्त्यावर फेकला. वितळलेला स्पंज त्यांच्या तळव्याला चिकटून राहिला. कुणीतरी कळशी आणून ओतली. ते रस्त्यावर बसले आणि तळव्याकडे बघत म्हणाले, "रंग सांभाळला मी, मिस्त्री. रंग."

नवरदेव मारुतीला चालत गेला. तापल्या रस्त्यावर, डीजेशिवाय, आणि त्याच्या पुढे आजोबा. लग्न वेळेवर लागलं. सरांनी मला मांडवात बसवून समोर ताट ठेवलं, बुंदी स्वतःच्या हातानं वाढली. शेजारच्या पंगतीत ती भाची बुंदीचे दाणे वेचून खात होती आणि मी नुसता तिच्या मानेकडे बघत होतो. मग सर मंडपाच्या खांबाला धरून माझ्याजवळ उभे राहिले आणि रडले. मीही रडलो.

रौफभाईंचा हात बरा झाला. बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे बारीक काम आता त्यांचा जावई करतो. सरांच्या गाडीला मी जुने पिवळे बल्ब परत घातले.

पण त्या दिवसापासून मला एक विचार झोपू देत नाही. मी लावलेल्या कांड्या काही एकाच गाडीत नाहीत. लातुरात, देवणीला, नांदेडला, जिथून जिथून माणसं आली तिथे तिथे त्या गेल्या. मी पत्र्याला आवळून दिल्या हे खरं. पण माझ्यानंतर त्या गाड्यांना कुणी ठोकलं असेल, कुणी रंगवलं असेल, कुणी स्पीकर बसवायला कोपरा मोकळा केला असेल, आणि कांडी कशाला तरी बांधून टाकली असेल. आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना मी फोन केले. निम्म्यांनी गाड्या विकलेल्या. त्यांतली एक किनवटकडे गेली असं कळलं. घेणारा वसतिगृहाच्या पोरांची ने-आण करतो म्हणे. त्याचा नंबर लागत नाही. मी एकदा जाऊनही आलो, तर गाडी पुढे तेलंगणात विकली असं कुणी म्हणालं, आणि कुणी म्हणालं, नाही, इथंच फिरती हाय. ती मला अजून सापडलेली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले मजेशीर अनुभव मागितले होते. ते माझ्याकडे पोतंभर आहेत, आणि लिहायलाही बसलो होतो, पण हात वारंवार इकडेच वळला. तेव्हा हे वाचणाऱ्यांनी माझं एक ऐकावं. तुमच्या गाडीचे लाइट तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकानं बदलले असतील, तर मागच्या दिव्याचं झाकण काढून आत बघा. बोटाएवढी सोनेरी कांडी उघड्या पत्र्याला घट्ट आवळलेली असेल तर तिला हात लावू नका. लोंबत असेल, कशात गुंडाळलेली असेल, वायरीला बांधलेली असेल, तर गाडी बंद ठेवून ती काढून घ्या आणि तशीच गाडी चालवा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल. बल्ब गेला म्हणून गाडी रोज सांगेल. सांगू द्या तिला.